क्नॉबराव

३ जून

प्रिय आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. दिवसभर फोनवर बोलून संध्याकाळी तोंड उघडायची इच्छाच राहत नाही, म्हणून लिहितेय. परवा घरमालकिणीने जिन्यात 'कशी आहेस गं' विचारलं, तर मी तिला 'आपण संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत' म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून ती मला बघून दार लावून घेते. शिवाय ही गोष्ट बाबांच्या कानावर जायला नकोय, आणि आपल्या घरात एकाला फोन केला की तिघे ऐकतात.

नोकरीचं तुला माहीतच आहे. लोकांची कपडे धुण्याची मशिनं बिघडली की ते आम्हाला फोन करतात, आणि आम्ही त्यांना 'प्लग लावलाय का' हे अत्यंत अदबीने विचारतो. कामासाठी मला नवीन नाव दिलंय. ते तुला सांगणार नाही, तू ते शेजारच्या मांजरीला ठेवशील. सध्या उमेदवारी चालू आहे. ती संपली की एकतर कायम, नाहीतर नारळ.

कायम होण्याआधी उच्चारवर्ग करावा लागतो. तिथल्या सरांना आम्ही मागून जीभवैद्य म्हणतो. त्यांची पद्धत शास्त्रीय आहे. भिंतीवर भला मोठा तक्ता, त्यात मातृभाषांचे रकाने, आणि प्रत्येक रकान्याखाली त्या भाषेची माणसं इंग्रजी बोलताना काय काय चुका करतात ते छापलेलं. आपला मराठीचा रकाना चांगला ऐसपैस आहे. दोन्ही 'व' एकच समजतात, 'फ'ला फुंकर मारतात, सगळ्या अक्षरांवर सारखाच जोर देतात, अक्षर दिसलं की उच्चारतात, वगैरे. एकाची मातृभाषा तक्त्यात सापडलीच नाही. सरांनी त्याला शेजारच्या दोन रकान्यांतल्या थोड्या थोड्या चुका वाटून दिल्या. बिचारा मन लावून करतोय.

पहिल्या दिवशी प्रत्येकाचं वाचन रेकॉर्ड केलं. कॉम्प्युटर ऐकतो आणि चुकलं की लाल रेघ मारतो. मी वाचून संपवलं, एक लाल रेघ नाही. मी आपली खूश. सरांनी कॉम्प्युटरला एक चापट मारली, वायर काढून परत लावली, मला पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "तुमची मातृभाषा नक्की मराठीच ना?"

"हो सर."

"मग चुका कुठायत?"

आत्या, भानगड अशी आहे. पहिलं वाचन आणि शेवटचं वाचन यांतला फरक म्हणजे प्रगती. प्रगती पुरेशी झाली तरच माणूस कायम. माझ्या चुकाच नाहीत, म्हणजे प्रगती नाही, म्हणजे मी नालायक. मी आजारीच नाही म्हटल्यावर औषध लागू पडलं असं सर वर कसं कळवणार? तरी मनाने चांगले आहेत. म्हणाले, "दोन आठवड्यांनी पहिलं वाचन पुन्हा घेऊ. घरी बसा, विचार करा, आणि नीट चुकून या."

हे सगळं तुझं पाप आहे. लहानपणी माझ्या तोंडासमोर कागद धरून, 'फ'ला तो हलला की पुन्हा म्हणायला लावून, तू जे उच्चार घासून घेतलेस, ते आता निस्तर. मला चुका शिकव. खरंच सांगते, ही नोकरी गेली तर खोलीचं भाडं झेपणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पर्समध्ये माझ्या स्वतःच्या दाराची किल्ली आहे. ती मला परत द्यायची नाही.

तुझी,
भिंगरी


१० जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

उभा जन्म मी फळ्यासमोर घालवला. 'व' म्हणताना खालचा ओठ दाताखाली धरा, असं सांगून सांगून एक अख्खी पिढी दात दाखवत फिरायला लावली. आणि आता माझी सख्खी भाची पत्र पाठवून विचारते, की आत्या, चुकायचं कसं? निवृत्त झाले ते बरंच झालं म्हणायचं.

तुझ्या जीभवैद्यांना माझा नमस्कार सांग. इतका हुशार माणूस आमच्या शाळेत असता तर काय बहार आली असती. आधी सगळ्यांना नापास व्हायला शिकवायचं, मग पास करायचं, आणि मधल्या काळात पगार घ्यायचा. आम्ही मूर्ख, सरळ शिकवत बसलो.

पण किल्लीचं लिहिलंस तिथे मी विरघळले. तेव्हा ऐक. चुका मागायला माझ्या दारात कशाला येतेस? घरात कारखाना आहे. तुझे तीर्थरूप.

रोज रात्री जेवताना काय चालतं ते विसरलीस का? दुरुस्तीला आलेल्या मशिनीची इंग्रजी पुस्तिका पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची, आणि घास गिळला की एक ओळ मोठ्याने वाचायची. 'क्नॉब' म्हणतो. मी म्हणते, अरे, पहिलं अक्षर मुकं आहे, 'नॉब' म्हण. तो म्हणतो, "ताई, मशिनीत बिनकामाचा भाग नसतो आणि शब्दात बिनकामाचं अक्षर नसतं. बोलायचं नव्हतं तर छापलं कशाला? आपण लिहिलंय ते बोलतो. यांना काय धाड भरलीये?" ऐका म्हणायचं तर 'लिसटेन'. 'रिसीट' नाही, 'रिसीप्ट'. आणि 'व्रेंच' म्हणताना सुरुवातीचा 'व' असा दणकून काढतो की तांब्यातलं पाणी हलतं. माझ्याकडून एक अक्षर शिकला नाही तो. म्हणे, तुझं पुस्तकातलं इंग्रजी, माझं कामाचं.

तर डोळे मीट, बापाला आठव, आणि वाच. तुझ्या त्या तक्त्यातला सगळा रकाना एका दमात भरून निघेल.

त्याला यातलं काही कळवत नाही. तुझी आई विचारत होती, नीट जेवतेस ना.

तुझी,
आत्या


२० जून

प्रिय आत्या,

तुझ्या तोंडात साखर! काय वाचलंय मी, तू ऐकायला हवं होतंस. डोळे मिटले, समोर तांबा आणला, मागे बाबांचं ते घसा खाकरणं आणलं, आणि सुरू केलं, "टर्न दि क्नॉब स्लोली अँड लिसटेन." दुसऱ्या ओळीला कॉम्प्युटरचा पडदा लालभडक. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. गाणं ऐकताना लोक हलवतात तशी मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "वा! अस्सल! गेल्या कित्येक तुकड्यांत इतकं दाट मराठी इंग्रजी ऐकलं नव्हतं." आणि मला सगळ्यात खालची श्रेणी दिली. मी इतक्या आनंदाने आभार मानले की बाकीचे बघतच राहिले.

आता कायम होण्यात अडचण नाही. शेवटच्या वाचनाला तुझे उच्चार काढले की प्रगतीच प्रगती.

माझं ते रेकॉर्डिंग सर आता नमुना म्हणून सगळ्या तुकड्यांना ऐकवतात. पोरं हसून लोळतात. बोलणाऱ्याला त्यांनी नावही ठेवलंय, क्नॉबराव. चहाच्या सुट्टीत माझ्याभोवती घोळका असतो. "क्नॉबराव, जरा हवामान सांगा." "क्नॉबराव, जरा आजचा वार सांगा." मी 'वेडनेसडे' म्हटलं की शेजारच्या खुर्चीतली मुलगी चहा सांडते. मीही पोट धरून हसते. इथे आल्यापासून पहिल्यांदाच माणसं माझ्याशी बोलायला लागलीत, आत्या. आधी जेवायच्या सुट्टीत मी एकटी भिंतीकडे तोंड करून खायचे.

मी कुणाची नक्कल करतेय ते सांगितलेलं नाही. म्हटलं, असंच मनाने रचलेलं सोंग आहे.

आईला सांग, जेवते.

तुझी,
भिंगरी


२८ जून

चि. भिंगरीस,

पत्र मिळालं. हसले. मग पुन्हा वाचलं, तेव्हा जरा कमी हसू आलं. वयाचा दोष असेल.

इथली खबर अशी. तुझ्या बापाने विचारलं, "पोरीचं कसं चाललंय? तिथे इंग्रजी कसं बोलते?" मी काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, "अगदी तुझ्यासारखं." भिंगरे, तो माणूस त्या दिवसापासून जमिनीवर नाही. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की आधी त्याला हे ऐकवतो, मग मशिनीकडे बघतो. काल एक बाई नुसतं बिल द्यायला आल्या होत्या, त्यांना उभं करून सांगितलं, "पोरगी मोठ्या कंपनीत इंग्रजी बोलते. कुठे शिकली? जेवणाच्या टेबलावर." माझ्याकडे बघून हे, मी तिथेच भाजी निवडत बसलेली!

आणि एक ऐकून ठेव. दुकानात तुमच्याच कंपनीची एक मशीन आलीये. पुस्तिकेच्या मागच्या पानावर फोन नंबर आहे. त्यावर त्याने पेनाने गोल केलाय. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "असू दे, लागला तर."

तुझ्या त्या घोळक्याला म्हणावं, दुसरं कोणी शोधा आता. सोंग झालं तेवढं पुरे.

तुझी,
आत्या


४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

रागावू नकोस, उत्तराला उशीर झाला. शेवटचं वाचन आता अगदी जवळ आलंय. सर म्हणतात नुसती औपचारिकता.

तू लिहिलंस ते बरोबर आहे, पण सोंग बंद करणं आता माझ्या हातात राहिलेलं नाही. नवीन तुकडी आली की मला बोलावणं येतं. मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरचे साहेब खास ऐकायला आले. मी नाही म्हटलं तर सगळे म्हणतील, कायम व्हायच्या आधीच शिष्टपणा सुरू झाला. आणि खरं सांगू? मला ते इतकं चांगलं जमतं, की नाही म्हणवत नाही.

फक्त एक कर. बाबांना इथे फोन करू देऊ नकोस. काहीही सांग. सांग की प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो, घरचा फोन आला तर मला ठपका बसतो. ते खरंही आहे. एकदा कायम होऊ दे, मग मीच त्यांना इथे आणून सगळं दाखवीन.

घाईत,
भिंगरी


९ ऑगस्ट

भिंगरे,

सांगितलं. तो म्हणाला, "घरचा फोन कशाला? गिऱ्हाईक म्हणून करीन. मशीन खरी आहे, क्नॉब खरंच ढिला आहे. यात खोटं काय?" वर आरशासमोर उभा राहून 'गुड आफ्टरनून'ची तालीम चालू आहे. मी पुस्तिका लपवली होती. त्याला नंबर पाठ आहे.

त्याला अडवायला मी असमर्थ आहे. तू तुझ्या त्या घोळक्याला अडव.

आत्या


१८ ऑगस्ट

प्रिय आत्या,

बाबांनी फोन केला हे तुला कळलं असेलच. आता माझ्याकडून ऐक.

दुपारची वेळ होती. फोन माझ्याकडे आला नाही, शेजारच्या खुर्चीतल्या मुलीकडे गेला. तिने ऐकलं, डोळे विस्फारले, तोंडावर हात ठेवला आणि आम्हाला सगळ्यांना खुणेने बोलावलं. "अगं, क्नॉबराव! खराखुरा क्नॉबराव आहे लाईनवर!" आणि स्पीकर चालू केला.

"गुड आफ्टरनून. माय क्नॉब इज लूज. आय हॅव टर्न्ड विथ व्रेंच. काइंडली लिसटेन."

लोक खुर्च्या ढकलून पळत आले. कुणी टेबलावर डोकं ठेवून हसत होतं, कुणी रुमाल कोंबत होतं. शेजारीण गोड आवाजात म्हणाली, "माफ करा सर, पुन्हा सांगाल?" बाबांनी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. समोरच्याला समजत नाही तर आपणच नीट बोललं पाहिजे, असं मानून माणूस बोलतो ना, तसं. मला सायकल शिकवताना ते असेच बोलायचे. एकदाही चिडले नाहीत. मधे एकजण माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू तर याच्यापुढे काहीच नाहीस गं!"

मी तिच्या डोक्यावरचा हेडफोन ओढून घेतला. केसांसकट. चांगलं बोलायचं होतं, तुझे उच्चार, कागद न हलणारे. पण तोंड उघडलं आणि निघालं, "गुड आफ्टरनून सर. व्हिच क्नॉब? प्लीज टेल. आय अॅम लिसटेनिंग."

मग मी तसंच बोलत राहिले, आत्या. शेवटपर्यंत. क्नॉब, व्रेंच, रिसीप्ट, सगळं. बाबांनी सगळं नीट विचारलं, मी सगळं नीट सांगितलं. वेडनेसडेला माणूस येईल म्हटलं. "थँक्यू मॅडम," म्हणाले आणि ठेवला. मला ओळखलं की नाही, मला माहीत नाही. खोलीतलं हसणं थांबलं होतं. लाज वाटून नाही, वरचे साहेब दारात येऊन उभे होते म्हणून.

संध्याकाळी जीभवैद्यांनी बोलावलं. कॉम्प्युटर सगळे फोन ऐकतो, आणि हा फोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाल. "इतके आठवडे घालवून तुम्ही होता तिथेच," म्हणाले, "आता शेवटचं वाचन घेऊन काय उपयोग? कायम कसं करणार?" मग खुर्ची जवळ ओढून, अगदी प्रेमाने, "पण माझ्या वर्गात एक जागा आहे. कायमची. नवीन पोरांना फक्त चुका वाचून दाखवायच्या. तुमच्याइतकं वाईट बोलणारं मला दुसरं कोणी मिळणार नाही."

मी म्हटलं, "सर, ते बोलणं माझं नाही. ते माझे वडील बोलतात तसं आहे."

ते म्हणाले, "उत्तम! म्हणजे सराव घरीच होईल."

मी उठले आणि ओळखपत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. जिन्यात आल्यावर रडू आलं, कारण त्या घोळक्यात पोट धरून मीच सगळ्यांत जास्त हसले होते. त्यांना तरी ठाऊक नव्हतं, कुणाला हसतोय ते.

महिनाअखेरीस खोली सोडतेय. घरमालकिणीला किल्ली देईन. बाबांना काय सांगायचं ते तू सांग, माझी हिंमत नाही.

भिंगरी


२४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्या बापाशी धड बोलले नाही. त्याला वाटलं मी आजारी आहे. वाफ घे म्हणाला. रस्ता तुला मीच दाखवला होता, तेव्हा तुला एकटीला रडू देणार नाही. माझ्या वाटचं मी इथे रडून घेतलं.

आता त्या फोनचं ऐक. त्या दिवशी तो जेवायला बसला तो पुस्तिका न घेता. मी म्हटलं, काय रे? म्हणाला, "ताई, वाईट वाटलं मला. एवढी मोठी कंपनी, आणि तिथल्या पोरांना इंग्रजी येत नाही. आधी जी मुलगी होती तिला एक साधं वाक्य तीन-तीनदा सांगावं लागलं. मागे सगळे हसत होते. ओशाळून हसत असणार, बिचारे. समजलं नाही की माणूस हसतो. मी म्हटलं, घाबरवायला नको, सावकाश सांगू." मग मान ताठ करून म्हणाला, "आणि मग आपली आली फोनवर. पहिल्या शब्दाला ओळखली मी! पण मीही मॅडमच म्हटलं, तिच्या नोकरीला धक्का नको. काय बोलली, ताई! एक अक्षर खाल्लं नाही. सगळ्या खोलीला गप्प केलं पोरीने."

मी जन्मभर त्याच्या चुका काढत आले. त्या रात्री माझ्याच्याने एक काढवली नाही. त्याला वाढलं आणि आत जाऊन बसले.

काल मात्र सांगावंच लागलं. म्हटलं, तिची नोकरी गेली, ती महिनाअखेरीस घरी येतेय. तुझी आई रडायला लागली. त्याच्या हातात पाना होता. मला वाटलं, आता विचारेल का गेली, आणि मला खोटं बोलावं लागेल. त्याने विचारलंच नाही. पाना पुसून खुंटीला लावला आणि तुझ्या आईला म्हणाला, "रडतेस काय? सुटली म्हण. त्या लोकांत आणखी राहिली असती ना, तर उच्चार बिघडले असते पोरीचे."

तुझी,
आत्या